हातानं आवळलेली चौदा पाती

पहिलंच सांगून टाकते, मी इंजिनियर नाही, मी नववी पास आहे, दहावीला बसलेच नाही कारण लग्न ठरलं. ह्या अंकाच्या बायका म्हणाल्या रुबीना तू तुझ्या कामाबद्दल लिही, असलं काम आपल्यातली कोणी बाई करत नाही, मी म्हटलं मला लिहिता येत नाही, तर म्हणाल्या बोलतेस तसं लिही. तर तसंच लिहितेय, माहिरा झोपलीय तेवढ्यात, ती उठली की मध्येच सोडावं लागेल.

आम्ही शारजात रोल्लाला राहतो, म्हणजे मी आणि माहिरा, एका खोलीत. आमचे हे अबुधाबीत साइटवर आहेत, कँपमध्ये राहतात, शनिवारी येतात रविवारी जातात. माझं वर्कशॉप दुबईत अल कुसैसला, कंपनीची व्हॅन येते. तिथे टर्बाइनची पाती दुरुस्तीला येतात. टर्बाइन म्हणजे गॅस जाळून फिरणारं अवाढव्य इंजिन, त्यावर वीज होते आणि समुद्राचं पाणी गोडं करायची मशीनही त्याच्यावरच चालते. त्याच्या आत एक जाडजूड चकती असते आणि चकतीच्या कडेला चारी बाजूंनी पाती खोवलेली असतात, ब्लेड. एकेक पातं माझ्या हातभर. वरून गुळगुळीत, पण बुडाला खाचा, त्या खाचांवर ते चकतीत अडकतं.

ही पाती आगीत फिरून फिरून झिजतात. आमच्याकडे आली की त्यांचा जुना थर उतरवतात, टोकाला वेल्डिंग करतात, घासतात, नवीन थर चढवतात. आणि माणसाच्या हातनं झालं की फरक आलाच. एकाचं टोक केसभर जाड, एकाचा थर केसभर पातळ. डोळ्याला काही दिसत नाही, पण मारून बघितलं की कळतं.

तेच माझं काम. पातं बुडाकडून शिकंज्यात घट्ट धरायचं, छोट्या हातोडीनं हळूच टिंग मारायचं, समोर माईक असतो तो ऐकतो आणि कॉम्प्युटरवर आकडा येतो, पातं एका सेकंदात किती वेळा थरथरतं त्याचा. आम्ही त्याला पिंग म्हणतो. एका सेटमध्ये ब्याण्णव पाती, ब्याण्णव वेळा टिंग. मी आधी तिथे झाडू-पोछाला होते. एकदा पुसता पुसता बोलून गेले, हे आत्ताचं बसकं वाजलं. आमचे कुरियन सर, केरळचे, केस सगळे पांढरे, त्यांनी वळून बघितलं. आकडा बघितला. मग दहा पाती माझी पाठ वळवून वाजवली आणि विचारलं कुठल्याचा आवाज खाली, कुठल्याचा वर. मी दहाच्या दहा सांगितली. दुसऱ्या महिन्यात माझ्या हातात हातोडी दिली. तेव्हापासून मला वाटायचं की माझा कान म्हणजे मशीनच, आणि हातसुद्धा. हे वाटणंच नडलं, सांगते.

पण आधी हे सांगायला पाहिजे की आकडा कशाला लागतो, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही.

एकदा एक कस्टमर आला, कुठल्यातरी वाळवंटातल्या पंपिंग स्टेशनचा माणूस, हातात तसबीह, म्हणजे जपाची माळ, सारखा हबीबी हबीबी करणारा. म्हणाला मला सगळी पाती एकसारखी पाहिजेत, फरकवाली बाजूला काढा. कुरियन सर म्हणाले, "एकदम सेम दुनिया में बनता नहीं. और थोडा सा फरक, वो सबसे खराब." तो म्हणाला, "थोडा फरक तो अच्छा है ना, हबीबी?" सर म्हणाले, "नहीं. थोडा फरक से अच्छा, ज्यादा फरक."

तो माणूस सरांकडे असा बघायला लागला की यांना ऊन लागलंय. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मला कळलं गच्चीवर, माहिराची दुपटी वाळत घालताना. एका दोरीवर दहा दुपटी, सगळी जवळजवळ एकाच वजनाची. एकाला झटका दिला की दोरीतून सगळी हलतात, हलता हलता ते हलणं कुठेतरी मधल्याच एका दुपट्यात जाऊन साचतं आणि तेच बिचारं वेडंवाकडं उडायला लागतं. पण मध्येमध्ये एकेक जड चादर घातली की हलणं तिथे अडतं, पुढे जात नाही. पात्यांचं तसंच आहे. चकती म्हणजे दोरी. शेजारी शेजारी जवळजवळ सारखी पाती बसली की सगळ्यांची थरथर एकाच्या वाट्याला येऊ शकते, आणि ते एक बुडातून तुटतं. म्हणून सर माझे आकडे घेऊन बसण्याची यादी करतात, हे वरचं, याच्या शेजारी खालचं, मग वरचं, मग खालचं. लग्नात पाहुणे बसवतात तसं, कोणाशेजारी कोणाला बसवायचं नाही ते आधी बघायचं.

सरांच्या टेबलावर एका तुटलेल्या पात्याचं बूड आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवतात. ते आमच्याकडचं नाही, त्यांच्या जुन्या नोकरीतलं. ते एक तुटलं आणि मागच्या रांगेत घुसलं, मागची रांग उसासारखी छाटली गेली, त्याच्या मागची पण. माणसं जेवायला गेली होती म्हणून वाचली. मी पोछा मारायचे तेव्हा ते बूड उचलून खालून पुसायचे, मला फक्त जड वाटायचं.

आता माझी गोष्ट.

माहिरा झाली आणि मी परत कामावर आले तेव्हा ती तीन महिन्यांचीही नव्हती. शेजारच्या खोलीतल्या खाला तिला सांभाळतात, सख्ख्या नाहीत पण सख्ख्यासारख्याच. बाळाला उचलून उचलून माझी मनगटं गेली होती, अंगठ्याकडून अशी कळ यायची की चमचा पडायचा. आणि शिकंज्याचा बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा असतो, तो पाना लांबलचक असतो, बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की कट्ट असा आवाज येतो, तोवर जोर लावायचाच. दर पात्याला, ब्याण्णव वेळा. नियमच आहे, भिंतीवर चिकटवलाय, हिंदीत पण.

त्या दिवशी अबुधाबीच्या एका पॉवर प्लांटचा सेट होता. अठ्ठ्याहत्तर पाती झाली. आणि खालांचा फोन. "रुबीना, पोर तापलीय गो, दूध घेत नाही, डोळे पण उघडीत नाही."

सर बाहेर होते. मला वाटलं एवढा सेट संपवते आणि पळते, अर्धवट सोडला तर उद्या परत सगळं लावावं लागतं. आणि पाना बाजूला ठेवला. छोट्या साध्या पान्यानं, हाताच्या अंदाजानं आवळलं, टिंग, आकडा, पुढचं, टिंग, आकडा, पुढचं. आवाज बसके येत होते. मला ऐकू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं ही शेवटची पातीच बसकी असतील, वेल्डर बदलला असेल. चौदा पाती केली आणि पळाले.

माहिराला साधा ताप होता, तीन दिवसांत उतरला. शुक्रवारी कामावर आले. तोवर सरांनी यादी केली होती, पाती पेटीत भरून अबुधाबीला गेली होती, तिथे चकतीत बसवायला घेतली होती.

शुक्रवारी नवीन सेट लावला. पहिलं पातं, मनगट दुखत होतं, परत हातानंच आवळलं. टिंग. बसकं. मी टॉर्क पाना घेतला आणि त्याच बोल्टवर लावला. बोल्ट फिरला. जवळजवळ पाव आटा फिरला, मग कट्ट झालं. परत टिंग मारलं आणि तेच पातं, तेच, खणखणीत वाजलं. आकडा वर गेला.

म्हणजे बसकी पाती नव्हती. बसका माझा हात होता. ती चौदा पाती मी खाली म्हणून लिहिली होती आणि ती खाली नव्हतीच, आणि सरांनी त्यांना खालची समजून वरच्यांच्या शेजारी बसवलं होतं. म्हणजे वरच्याशेजारी वरचं.

मी पुढची एक्याण्णव पाती कशी केली मला आठवत नाही.

शनिवारी हे आले. मी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. ह्यांनी माहिराला मांडीवर घेतलं होतं, तिला झुलवायचं थांबवलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला."

"आणि?"

"आता तुम्हाला."

"मग खलास. दोघांतच राहू दे."

"आणि तुटलं तर?"

"तुटायला काय बांगडी आहे? एवढं लोखंड ते."

"लोखंड नाही ते, आणि तुटतं, सरांच्या टेबलावर आहे."

"अगं, तू नोकरी घालवशील. माझ्या एकट्याच्या पगारात ही खोली राहते का? तू आणि ही गावाला, मी इथे, वर्षातून एकदा तोंड बघायचं. पाहिजे का तुला ते?"

मला नको होतं. ह्यांचं चुकीचं काही नव्हतं. मला सांगा, कोणाला पाहिजे असतं? पण भाकरी थापताना मला प्रत्येक थापेला वाटत होतं की कुठेतरी काहीतरी थरथरतंय. रविवारी हे गेले. जाताना दारात परत म्हणाले, "गप बस. माझी शपथ आहे." बसमध्ये बसले असतील तेव्हा मला एकदम सुचलं की हा माणूस त्याच गावात जातोय. तो प्लांट ह्यांच्या कँपपासून फार लांब नाही.

सोमवारी सकाळी सर चहा घेत होते. मी समोर उभी राहिले आणि एका दमात हिंदीत सगळं बोलून टाकलं, मध्ये श्वास पण घेतला नाही. सरांनी कप ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कितना?"

"चौदा, सर."

"पक्का चौदा? पंधरा नहीं? तेरह नहीं?"

मी मोबाईल काढला. खालांचा फोन किती वाजता आला ते त्यात होतं, आणि कॉम्प्युटर प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहितो. दोन्ही शेजारी ठेवले. फोननंतरचे आकडे मोजले, चौदाच. आणि त्या चौदांमध्ये दोन आकड्यांतलं अंतर निम्मं होतं. आधी मी सावकाश करत होते, फोननंतर पळत होते, माझी घाई तिथे लिहिलेली होती, कोणीही वाचली असती.

सर म्हणाले, "केसिंग कल बंद होगा. यल्ला." यल्ला म्हणजे चल, आणि केसिंग म्हणजे इंजिनाचं झाकण, ते एकदा बंद झालं की परत उघडायला कित्येक दिवस.

शिकंजा, माईक, लॅपटॉप, टॉर्क पाना, सगळं पिकअपमध्ये टाकलं आणि आम्ही अबुधाबीला निघालो. मी खालांना फोन करून सांगितलं की आज उशीर होईल, वरचं दूध द्या. रस्ताभर सर नुसते स्टीअरिंगवर बोटं वाजवत होते.

प्लांटवर मरियम मॅडम होत्या, तिथल्या इंजिनियर, इथल्याच अरब, डोक्याला शेला म्हणजे काळी ओढणी, तिच्यावरून हेल्मेट, आणि बुरख्यासारख्या अबायाखाली सेफ्टी बूट. हिंदी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. 

"कुरियन, मेरा केसिंग कल बंद होना है."

"मालूम है मॅडम. चौदा ब्लेड निकाल के फिर से पिंग करना है."

"किसकी गलती?"

"हमारी."

"हमारी कौन? नाम नहीं है उसका?"

सरांनी तोंड उघडलं, ते काहीतरी सांभाळून बोलणार होते, मला कळलं. पण त्याआधी माझंच तोंड उघडलं. "मेरी, मॅडम."

त्यांनी मला वरून खाली बघितलं. मग फिटर लोकांना हाक मारली.

चौदा पाती एकत्र नव्हती, यादीप्रमाणे चकतीभर विखुरलेली. एकेक शोधून, अटकाव काढून, बाजूला सरकवून काढायचं. फिटर पंजाबी होते, एकजण पुटपुटला, "बहनजी, घर का काम घर पे छोड़ के आया करो." मी ऐकलं. त्याचं बरोबर होतं की चूक ते मी अजून ठरवलेलं नाही.

पहिलं पातं शिकंज्यात घातलं. मरियम मॅडम कागद-पेन घेऊन माझ्या खांद्याशी उभ्या. मनगटात कळ येत होती, मी दोन्ही हातांनी पाना धरला, पोटाशी टेकवला आणि ओढला. कट्ट. टिंग. आकडा वर. दुसरं, वर. तिसरं, वर. चौदातली बारा वर गेली. दोन तेवढीच राहिली, ती मी नशिबानं बरोबर आवळली असणार.

सर पुठ्ठ्यावर जमिनीवरच बसले आणि आधी जुनी यादी नवीन आकड्यांनी भरली. एका जागी त्यांचं पेन थांबलं. शेजारी शेजारी चार पाती, जवळजवळ एकच आकडा. मी वाकून बघितलं.

"सर, टूटता था?"

"मालूम नहीं."

"फिर भी?"

"शायद दस साल कुछ नहीं होता. शायद पहला महीना में. यही तो है रुबीना. मालूम नहीं."

ते नवी यादी करायला लागले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा पुढचा सगळा कव्हरऑल ओला झालाय. सकाळपासून दूध काढलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये मी दोनदा स्टोअर रूममध्ये जाऊन काढते, इथे कोणाला विचारणार, दहा पुरुष. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले. मरियम मॅडमनी बघितलं. "इधर आओ," एवढंच म्हणाल्या, आणि मला त्यांच्या केबिनमध्ये नेलं, दाराला आतून कडी लावली, पाठ वळवली आणि फाईल वाचत बसल्या. मी बेसिनवर दूध काढलं, रडत रडत, आवाज न करता. नंतर त्यांनी कपाटातून एक काळी शेला काढून दिली, पुढून घ्यायला.

"कितने महीने की?"

"तीन होगा, मॅडम."

"मेरा छह का है. और देखो, मैं भी यहीं हूँ." मग दाराची कडी काढता काढता म्हणाल्या, "आज मैं तुमसे बहुत गुस्सा हूँ. वो अलग बात है."

संध्याकाळपर्यंत पाती नव्या यादीनं बसली. झाकण दुसऱ्या दिवशीच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचा होता. त्यात एक रकाना असतो, चूक कशामुळे झाली. सरांनी दार लोटलं आणि हळू म्हणाले, "लिखो, टॉर्क रेंच खराब था. तुम बच जाएगा. मैं भी." मी पेन घेतलं. मला बचावायचं होतं, देवाशपथ. पण पाना खराब लिहिला की पाना तपासणीला जाणार, आणि त्या पान्यानं मी आणि पिंग करणाऱ्या बाकी दोघांनी मिळून केलेले सगळे सेट, ते पण परत मागवणार. चांगले, खरे आकडे पण खोटे होणार. मी सरांना तसं म्हटलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "ये मेरेको मालूम था. तुमको मालूम नहीं होगा सोचा." मी इंग्लिश अक्षरांत लिहिलं, मला येतं तेवढ्यात, की बोल्ट मी हातानं आवळले कारण मला घरी जायची घाई होती. स्पेलिंग चुकली असतील.

मॅनेजरनी वॉर्निंग लेटर दिलं. करार डिसेंबरला संपतो, पुढचं इन्शाल्ला बघू म्हणाले. आता आमच्या स्क्रीनवर एक नवीन रकाना आलाय, पाना लावला का, आणि शेजारच्या माणसानं सही करायची, त्याशिवाय आकडा पुढे जात नाही. सगळे वैतागतात, त्याला रुबीनाचा रकाना म्हणतात. म्हणू दे. मी अजून हातोडी मारते. पण पूर्वी डोळे मिटून सांगायचे हे वरचं हे खालचं, ते आता करत नाही. ऐकू येतं, पण बोलत नाही.

ह्यांना मी त्याच सोमवारी रात्री सांगितलं होतं की सांगून टाकलं. दोन दिवस फोन केला नाही ह्यांनी. मग केला आणि नुसतं माहिराचं विचारलं. शपथ मोडल्याचं अजून काढलेलं नाही, मी पण काढत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मगरिबच्या वेळी मी माहिराला अंघोळ घालत होते, फोन वाजला, मी साबणाच्याच हातानं घेतला. हे म्हणाले, "अगं, लाईट गेली इथे, मगाचपासून. फोनमध्ये चार्ज नाही, म्हणून आताच करतोय."

माझ्या हातातून तांब्या पडला. माहिरा दचकून रडायला लागली.

"हॅलो? अगं कँपचं बोर्ड उडालं असेल, नेहमीचंच आहे."

मी म्हटलं, "बाहेर जा."

"काय?"

"बाहेर जाऊन बघा. रस्त्यावरचे दिवे आहेत का बघा."

हे हसायला लागले, मग हसायचे थांबले. त्यांना कळलं. चप्पल घातल्याचा आवाज आला, जिना उतरल्याचा, कोणीतरी मध्ये सलाम केला, ह्यांनी सलाम केला. मी माहिराला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं होतं, ती ओली, मी ओली.

"आहेत," हे म्हणाले. "लांबपर्यंत आहेत गं. सगळे आहेत."